गाडीचा षड्ज

आमच्या घरात गाडी आई चालवायची आणि बाबा शेजारी बसून घाबरायचे. ही वाटणी कुणी बसून ठरवलेली नव्हती. गाडी मुळात आईच्या वडिलांची. लग्नाआधी त्यांनी तिला पहाटे मैदानाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन शिकवली होती, आणि ते गेल्यावर गाडी आमच्या भवानीपुरातल्या दारात येऊन उभी राहिली. त्या काळी कलकत्त्यात वळून पाहाल तिकडे जी एकच गाडी दिसायची तीच, पांढरी, गोल पाठीची, सोफ्यासारख्या सीटांची. बाबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. गती आणि घर्षण यांवर ते न थांबता बोलू शकत, पण क्लच दाबून गिअर टाकायची वेळ आली की त्यांचा डावा पाय आणि डावा हात यांचं आपसात पटत नसे. एकदा त्यांनी गाडी सुरू केली आणि समोरच्या मिठाईवाल्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. मिठाईवाला भला माणूस, त्याने गाडी मागे ढकलायला माणसं दिली आणि वर संदेश खायला घातला. त्यानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

आई बजबजला एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्याच शाळेत मला घातलं होतं, म्हणजे घरी आणि दारी दोन्हीकडे मी तिच्या नजरेखाली. सकाळी स्वयंपाकघरात आधी पोळपाटाचा आवाज, मग फोडणीचा, मग आईच्या बांगड्यांचा आणि शेवटी किल्ल्यांचा. किल्ल्या वाजल्या की मी दप्तर उचलायची. चार डब्यांत पोळी-भाजी भरून, कोशिंबिरीवर झाकण ठेवून ती बाहेर पडायची ती थेट स्टिअरिंगमागे, आणि एकदा तिथे बसली की तिचा चेहराच बदलायचा. घरात ती कुणाची बायको, कुणाची भावजय, कुणाची आई असायची. गाडीत ती एकटी असायची. मी शेजारी असले तरी एकटीच.

घरातले चौथे म्हणजे भाऊकाका, बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, त्यामुळे सगळी माया आणि सगळा धाक आमच्याच वाट्याला आला. हावड्याला त्यांचा लेथचा लहानसा कारखाना होता, आणि लोखंडाबाबत ते बोलले की विषय संपला अशी घरातली रीत होती. आईने गाडी चालवणं त्यांना पसंत नव्हतं. तसं ते सरळ म्हणत नसत. म्हणायचे, "बजबजला लोकल जाते की गं, सुमन."

आई म्हणायची, "जाते, भाऊजी. पण ती मी चालवत नाही."

पाडव्याच्या आधी या भाऊकाकांनी गाडीला टपावरचं कॅरिअर करून दिलं. त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी गुढीचा वेळू खिडकीतून बाहेर काढून आणताना त्याच्या टोकाने वळणावर एका ट्रॅफिक सार्जंटची टोपी उडवली होती. बंगाली सार्जंटला भर रस्त्यात गुढीचं महत्त्व समजावून सांगणं हे बाबांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड व्याख्यान होतं. तेव्हा या वर्षी काकांनी कारखान्यात चांगला जाड पोलादी पाइप वाकवून कॅरिअर केलं, आणि पुढच्या आडव्या पाइपला दोरीचे आकडे अडकवायला भोकं पाडली. भोकं अशी की बघत राहावं. सगळी एका रेषेत, एका मापाची, कडा घासलेल्या. रविवारी हावड्याला कॅरिअर चढवलं, आकडे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले, ते कधी आलेच नाहीत. येताना हावडा ब्रिजच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात धाडकन आपटली. ब्रिजवर नेहमीसारखी गर्दी होती, घरापर्यंत मुंगीच्या पावलाने आलो.

सोमवारी शाळेच्या वाटेवर तारातल्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, आईने वेग घेतला आणि गाडी रडायला लागली. ऊंऽऽऽ असा एक लांब, भरीव हुंकार, कुठून येतो कळू नये असा. वेग कमी केला की थांबायचा, वाढवला की परत सुरू. आईने कपाळाला हात लावला. "तो खड्डा," ती म्हणाली. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, खड्डा. भाऊकाका म्हणाले, खड्डाच. खड्ड्याबद्दल आमच्या घरात इतकं एकमत त्याआधी आणि त्यानंतर कशावरच झालं नाही.

मला मात्र तो आवाज आवडला, खोटं कशाला सांगू. मी तेव्हा गल्लीतल्या एका बंगाली बाईंकडे गाणं शिकत होते आणि सकाळचा रियाज कधीच व्हायचा नाही. आता गाडीतच तंबोरा मिळाला. ऊंऽऽ सुरू झालं की मी त्यात सा लावायची आणि बजबज येईपर्यंत पलटे म्हणत बसायची. आई म्हणायची, इथे गाडी मरायला टेकली आहे आणि तू गातेस. पण तीही बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरायची.

बाबांनी प्रश्न शास्त्रशुद्ध हाती घेतला. एका रविवारी आम्ही सगळे आणि गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले निमाईदा असे बसून निघालो. निमाईदा गोरेपान, केसांना भरपूर तेल, आणि इंजिन उघडण्याआधी त्याला नमस्कार करणारे. बोलायला लागले की फुटबॉल, राजकारण आणि पिस्टन एकाच वाक्यात यायचे. बाबांनी आईला सांगितलं, वेग घे आणि गिअर काढ. गिअर काढला, आवाज चालूच. मग म्हणाले, इंजिन बंद कर. इंजिन बंद, गाडी नुसती घरंगळतेय, तरी आवाज चालूच. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे इंजिन नाही. गिअरबॉक्स नाही. जे चाकांबरोबर फिरतं तेच बोलतंय." मग त्यांनी पिशवीतून आईचं लाटणं काढलं. त्याचं एक टोक मागच्या सीटपुढे जमिनीला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटून ओणवे बसले. डॉक्टर छाती तपासतात तसं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "डिफरन्शियल."

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, इंजिनाची ताकद वळवून दोन्ही चाकांना वाटून देणारा, तो. त्यातले दाते झिजले की गाडी अशी हुंकारते, हे अगदी खरं आहे. बाबांची पायरी न्‌ पायरी बरोबर होती. आज मागे वळून पाहते तर वाटतं, इतक्या बरोबर रीतीने इतकं चूक उत्तर काढणं ही आमच्या घराची खासियत होती.

शंका नव्हत्या असं नाही. गॅरेजात मागची चाकं उचलून फिरवली तर आवाज येईना. निमाईदा म्हणाले, "वजन ना पड़े तो ये बोलता नहीं. इज्जतवाला माल है." आईने सांगितलं, जाताना रडते, येताना रडत नाही. बाबा म्हणाले, जाताना चढ असेल, दात्यांवर ताण येत असेल. आई म्हणाली, "बजबजला चढ? अहो, इकडे सांडलेलं पाणीसुद्धा कुठे जावं ते न कळून जागच्या जागी राहतं." मी सांगितलं, वेग वाढवला तरी सा हलत नाही. त्यावर बाबा हसले. "वेग वाढला की दाते भराभर लागणार, सूर वर चढलाच पाहिजे. तुझा कान अजून कच्चा आहे." सूर चढलाच पाहिजे हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तो चढत नव्हता, याचा अर्थ काय ते विचारायचं मात्र राहून गेलं.

निमाईदांनी गोळ्यातलं तेल काढून बोटांवर चोळलं आणि उन्हात धरलं. तेलात बारीक चकाकी होती, दात्यांच्या लोखंडाची, कुठल्याही जुन्या गाडीत असते तेवढीच. "चांदी," ते हळू आवाजात म्हणाले, जसं घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात तसं. भाऊकाकांनी बोट पुढे करून तेही चोळून पाहिलं आणि मान हलवली. आता विषय संपला होता. काका म्हणाले, "सुमन, या गोळ्यातलं दातेरी चाक, हा पिनियन, एक दिवस भर रस्त्यात तुटेल, चाकं जाम होतील. पोर शेजारी असते तुझ्या. गाडी काढून टाकू." त्यांना खरंच भीती वाटत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त आईचं तोंड दिसलं. आत जाऊन तिने ते तेलकट लाटणं चिंच लावून घासलं, परत घासलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आधी गोळ्यासकट अख्खा ॲक्सल बदलू. त्यानंतरही रडली, तर गणपती झाल्यावर तुम्ही म्हणाल त्याला द्या."

मल्लिकबाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. तिथे निमाईदांनी ॲक्सल असा निवडला जसा आपण नारळ निवडतो. एकेकाला हाताने फिरवायचं, कान लावायचा, नाक मुरडायचं. शेवटी एकावर थाप मारून म्हणाले, "ये चुप है." आमच्या दारातच सगळं काम झालं. गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं उतरली, ब्रेकची नळी सुटली, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट हातोड्याचा मार खाऊन एकदाचे निघाले, आणि जुना ॲक्सल दोघांनी धरून भिंतीशी नेऊन टेकवला. अख्खी गल्ली बघायला. भाऊकाका प्रत्येक बोल्टला हात लावून आवळलाय का बघत होते, बाबा बाजूला उभे राहून डिफरन्शियलचं तत्त्व मिठाईवाल्याला समजावत होते, आणि ब्रेकमधली हवा काढायला पेडलवर मी. आईने सगळ्यांना पोहे केले. निमाईदा वाटी पुढे करत म्हणाले, "दीदीमणि, आज से गाड़ी सोएगी."

नवा ॲक्सल लावून आम्ही निघालो. तारातला गेलं, रस्ता मोकळा झाला, आईने वेग घेतला. ऊंऽऽऽ. तोच सूर. मी नकळत सा लावला आणि बाबांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी तो गिळला. निमाईदांनी खिडकीतून वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ये भी बीमार निकला." बाबा म्हणाले, दोन वेगळ्या गाड्यांचे ॲक्सल एकाच सुरात आजारी कसे असतील. त्यावर निमाईदा म्हणाले, "सर, कलकत्ते का पानी." घरी आल्यावर भाऊकाकांनी बऱ्हाणगरच्या घोषालबाबूंना निरोप धाडला. घोषालबाबूंचा लग्नाला गाड्या भाड्याने देण्याचा धंदा होता, आणि ते गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी बघायला येणार असं ठरलं.

मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी आमच्या गाडीतून मूर्तिकारांच्या कुमारटुलीहून यायचा. तो आणायला आई गेली, गोविंदभोग तांदळाच्या पिठीचे मोदक केले, आरत्यांना उभी राहिली, सगळं केलं. फक्त रोज शाळेतून आल्यावर गाडीतून लगेच उतरायची नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ तशीच बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "बाबांनी शिकवलं तेव्हा ही सीट मला मोठी व्हायची. खाली उशी घ्यायचे." तिचे बाबा. एवढंच म्हणाली, आणि उतरली. मला रडू आलं, पण ती रडत नव्हती म्हणून मीही आवरलं.

विसर्जनाला मंडळातल्या बायकांनी गाडी सजवली. कॅरिअरच्या पुढच्या पाइपला झेंडूच्या माळा अशा घट्ट गुंडाळल्या की पाइप दिसेना. गंगेवर जाऊन आलो, सगळे दमले, माळा काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तशाच शाळेला निघालो, डोक्यावर झेंडूची झालर घेऊन. तारातला गेलं. आईने वेग घेतला. मी सा लावायला तोंड उघडलं आणि सा नव्हताच. गाडी गप्प. दक्षिणेचा वारा समोरून येत होता, चाकांची घरघर होती, बाकी काही नाही. आई कडवट हसली. "बघ. आज द्यायची म्हटल्यावर बरी झाली."

महेशतलाच्या पुढे माळ सुटायला लागली. काचेवरून केशरी पाकळ्या भिरभिरत मागे गेल्या, आणि ऊंऽ सुरू झालं. पण खालच्या सुरात. मग आणखी एक फूल उडालं आणि सूर चढला.

मी म्हटलं, "आई, वेग वाढवलास का?"

"नाही. चाळीसच आहे."

"मग सूर का बदलला?"

गणिताच्या बाई त्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समोर उडणाऱ्या पाकळीकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. बजबजच्या तेलाच्या टाक्यांकडे जाणाऱ्या टँकरांची रांग तिथे उभी होती. आईने कडक इस्त्रीच्या साडीचा पदर खोचला, दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली आणि माळ बाजूला केली. एक भोक. शेजारी दुसरं. सगळी एका रेषेत. तिने वाकून एका भोकाला ओठ लावले आणि फुंकर मारली. ऊंऽऽ. माझा सा. टँकरवाले चहाचे पेले हातात धरून बघत होते, की एक मास्तरीण भर रस्त्यात गाडीचं टप वाजवते आहे. आईने दुसऱ्या भोकावर बोट ठेवून परत फुंकर मारली आणि मग ती हसत सुटली. इतकी की खाली उतरून तिला सीटवर बसावं लागलं. गेले कित्येक महिने आम्ही जमिनीला लाटणी लावून ऐकत होतो आणि बासरी डोक्यावर होती.

हसू थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली. "संध्याकाळपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "आणि झेंडू सगळा काढ. एक पाकळी ठेवू नकोस." मला पटकन कळलं नाही. मग कळलं. गप्प गाडी घोषालबाबूंनी हसत हसत नेली असती.

घोषालबाबू आले. पांढरं धोतर, सोन्याची बटणं, तोंडात पान. गाडीभोवती फिरून त्यांनी पसंतीची मान हलवली. चक्कर मारायला काका, बाबा, निमाईदा, मी, सगळे कोंबून बसलो. रस्ता आईने निवडला, थेट दक्षिणेकडे, वाऱ्याच्या तोंडावर. एरवी ती वेग हळूहळू घ्यायची. त्या दिवशी घेतला तो असा की बाबांनी दाराची मूठ धरली. गाडीने आजवर कधी नव्हता असा हुंकार फोडला.

घोषालबाबूंचं पान चघळायचं थांबलं. "ए की दादा? ये गाड़ी में बर बैठेगा हमारा, दूल्हा."

निमाईदा बिचारे सौदा सावरायला गेले. बंगाली लग्नात बायका तोंडाने उलू देतात, लांब मंगल सूर काढतात, ते त्यांना आठवलं. म्हणाले, "शादी का गाड़ी है, बाबू. उलू अलग से देना नहीं पड़ेगा." घोषालबाबूंनी पुढच्या ट्राम स्टॉपला गाडी थांबवायला सांगितली. आई म्हणाली, घरी सोडते की. ते म्हणाले, नको, ट्राम बरी.

घरी आल्यावर भाऊकाका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता भंगारवाल्याशिवाय कोणी घेणार नाही." आई आत गेली आणि रात्रीच्या पोळ्यांची कणीक घेऊन बाहेर आली. स्टूल ठेवलं, त्यावर चढली आणि एकेका भोकात कणकेची गोळी दाबून बसवली. शेवटी पाइपची दोन्ही तोंडं बुजवली. बाबा म्हणाले, "अगं, हे काय?" आई म्हणाली, "भाऊजी, बसा." फक्त त्यांनाच. मी न विचारता मागे घुसले. तोच रस्ता, तोच वारा, तोच वेग. गाडी इतकी गप्प होती की काकांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग आई समोर बघत म्हणाली, "भाऊजी, पिनियन कधीच तुटणार नव्हता. मला ही गाडी हवी आहे. लोकल असली तरी हवी आहे." इतकं सरळ ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

घरी उतरल्यावर काका गाडीसमोर उभे राहिले. हात उंच करून त्यांनी पाइपवरून बोट फिरवलं, एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत.

"भोकं मात्र एका रेषेत आली आहेत," ते म्हणाले.

"हो, भाऊजी," आई म्हणाली. "बाजारात अशी मिळत नाहीत."

गाडी विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. भिंतीशी टेकवलेला जुना ॲक्सल निमाईदांनी मल्लिकबाजारात नेऊन विकला, एकदम ठणठणीत आहे असं सांगून, आणि तो खरोखरच ठणठणीत होता. बाबांनी जेवताना पोकळ नळीतल्या हवेचं कंपन आम्हाला समजावून सांगितलं. आई शांतपणे ऐकत होती, पोळी वाढत होती. कणीक दुसऱ्याच दिवशी कावळ्यांनी खाल्ली. मग काकांनी लेथवर लाकडाची बुचं करून आणली, प्रत्येक भोकाला अचूक बसणारी. आईने ती सगळी बसवली आणि एक काढून ठेवलं. म्हणाली, मुलीच्या रियाजाला राहू दे. पुढे मी कॉलेजात गेले, गाडीत माझा रियाज संपला, तरी ते भोक उघडंच राहिलं. येताना वारा पाठीशी असायचा, आवाज यायचा नाही. पण कधी वारा फिरला की मोठ्या रस्त्यावरून ऊंऽ असा बारीक हुंकार यायचा आणि भाऊकाका वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "सुमन आली, चहा टाका."

आता यातलं कुणी नाही. जुन्या गाड्या रस्त्यावरून काढायचं ठरलं तेव्हा आमचीही गेली. न्यायला आलेल्या माणसाला मी कॅरिअर दिलं नाही. ते गच्चीवर आहे, त्यावर कारल्याचा वेल चढवला आहे. बुचं कधीच पडून गेली. दुपार कलली आणि दक्षिणेचा वारा नीट लागला की ते अजून बोलतं, त्याच षड्जात. मी हातातलं काम ठेवून उठते आणि चहाचं आधण ठेवते. एक कप नेहमी जास्त होतो, तोही मीच पिते.